लालबुंद चालतं, मग लालकुट्ट का नाही? इंग्रजी वाक्प्रचार आणि जोराचे शब्द ओळखायची रीत

माझ्या संध्याकाळच्या वर्गात परदेशी नोकरीची तयारी करणाऱ्या नर्स बऱ्याच असतात. व्याकरण त्यांचं पक्कं असतं, आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांत गुणही बरे पडलेले असतात. त्यातल्या एकीला, ती इंग्लंडला निघायच्या आधीच्या आठवड्यात, मी एक प्रसंग दिला. वॉर्डातल्या एक आजी तुला हाक मारून म्हणतात, 'आय हॅव कम ओव्हर ऑल फनी, लव्ह.' तू काय करशील? ती म्हणाली, "मी पण थोडं हसेन मॅडम, त्यांना बरं वाटेल."

आजी सांगत होत्या की मला एकदम कसंतरीच होतंय. गरगरतंय, कदाचित आता पडेन. आणि ही समोर उभी राहून हसणार होती. 'कम' तिला येत होतं, 'ओव्हर' येत होतं, 'फनी' तर शाळेपासून येत होतं. वाक्य मात्र आलं नाही.

यात तिची चूक नाही. 'कसंतरीच होतंय' हे मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला शब्द फोडून सांगून बघा. 'कसं' म्हणजे काय, 'तरी' म्हणजे काय, हे कळल्यावरही ओकारी येतेय हे त्याला कळणार नाही. तरी आपण इंग्रजीकडे जातो ते शब्द फोडायची हातोडी घेऊनच. ती हातोडी खाली ठेवून काय करायचं, ते पुढे सांगते.

आधी ओळखा की हे फोडायचं नाही

खूण सोपी आहे. वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा आहे, पण जुळून येणारा अर्थ समोरच्या प्रसंगाला लागत नाही, अशी वेळ आली की समजावं, हा अख्खा तुकडा आहे. तो अख्खाच उचलायचा. 'आय ॲम फीलिंग अ बिट अंडर द वेदर' म्हणणाऱ्याचा हवामानाशी संबंध नाही, त्याला बरं वाटत नाहीये. 'आय नीड टू स्पेंड अ पेनी' म्हणणाऱ्या वयस्कर बाईंना खरेदी करायची नाही, लघवीला जायचंय. ब्रिटनमध्ये सार्वजनिक शौचालयाच्या दाराला एक पेनीचं नाणं घालावं लागे, त्यातून हे आलं. पेनीचं दार गेलं, पण आजींच्या तोंडात वाक्य राहिलं.

लांबलचक, चित्रमय वाक्प्रचारांची खूण पटकन पटते. घात करतात ती चिमुकली उत्तरं, कारण ती साधी वाक्यं वाटतात. तुम्ही म्हणालात, 'ट्रॅफिक काय भयंकर होतं', आणि समोरचा म्हणाला, 'टेल मी अबाउट इट.' माझे निम्मे विद्यार्थी इथे ट्रॅफिकचं सविस्तर वर्णन सुरू करतात. तो काही विचारत नसतो. तो म्हणतोय, 'मला काय सांगतोस!' म्हणजे मीही तेच भोगून आलोय. 'यू कॅन से दॅट अगेन' ऐकून वाक्य पुन्हा म्हणायचं नसतं, ती 'अगदी बरोबर बोललात' अशी दाद असते. 'बी माय गेस्ट' म्हणजे पाहुणचार नाही, 'घ्या की, खुशाल'. 'सूट युअरसेल्फ' हे 'तुझी मर्जी' आहे, आणि आपल्या 'तुझी मर्जी'सारखंच त्यात बहुतेक वेळा नाक मुरडलेलं असतं. ब्रिटनमध्ये सकाळी भेटणारा प्रत्येक जण 'यू ऑलराइट?' विचारतो, तेव्हा आपण आजारी दिसतोय का, असं वाटून घाबरायचं कारण नाही. ते आपलं 'काय म्हणताय?' आहे. 'काय म्हणताय?'ला आपण काय म्हणतोय ते सांगत बसत नाही. 'येस, यू?' एवढं म्हणून चालू लागायचं.

आणखी एक. आपण 'नाचता येईना…' म्हणून थांबतो, अंगण ऐकणाऱ्याने आपलं आपण वाकडं करून घ्यायचं. इंग्रजी माणूसही अर्धंच बोलतो. 'वेल, व्हेन इन रोम…' एवढंच म्हणून खांदे उडवतो. पुढचं 'डू ॲज द रोमन्स डू', म्हणजे जसा देश तसा वेश, हे तुम्हाला ठाऊक असेल असं तो धरून चालतो. 'दॅट्स द लास्ट स्ट्रॉ' हेही शेपूटच आहे, उंटाची पाठ मोडणाऱ्या शेवटच्या काडीचं. म्हणून वाक्य मध्येच तुटल्यासारखं वाटलं तर आपला कान चुकला असं लगेच मानू नका.

अर्थाबरोबर तापमान लिहा

शाळेतल्या याद्यांनी आपलं एक मोठं नुकसान केलं. त्यांनी अर्थ दिले, पण कोण कुणाला कधी म्हणतो ते दिलं नाही. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, असं आपण पाठ केलं. अर्थ बरोबरच आहे. पण 'गचकणे' म्हणजेही मरणेच ना? शेजारच्या काकांच्या दहाव्याला जाऊन कुणी 'काका कधी गचकले?' असं विचारेल का? 'किक द बकेट' गचकण्याच्या जातीचं आहे. दुखवट्याला 'पास्ट अवे' म्हणायचं. क्रिकेटवेड्या इंग्रजांत नव्वदी गाठून गेलेल्या माणसाबद्दल 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' म्हणतात. आपलं 'पिकलं पान गळालं' तसं. हे घरच्यांनी म्हटलं तर शोभतं. नव्यानेच ओळख झालेल्याने म्हणू नये.

'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'चीही तीच गत. आपल्या निबंधांत ही कुत्री-मांजरं इतकी पडली आहेत की पावसाला दुसरा शब्दच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात खिडकीबाहेर बघून माणसं 'इट्स पोअरिंग' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'इट्स चकिंग इट डाउन'ही म्हणतात. कुत्री-मांजरं चुकीची नाहीत, जुनी आहेत, तोंडी बोलण्यात आता फारशी येत नाहीत.

म्हणून नवा वाक्प्रचार भेटला की 'याला मराठीत काय म्हणतात' एवढ्यावर थांबू नका. 'हे मी मराठीत कुणाशी, कुठे बोलताना वापरेन' असं विचारा आणि त्याच तापमानाचा मराठी शब्द शोधा. 'स्पिल द बीन्स' म्हणजे 'गुपित उघड करणे' हे कोशातलं झालं. 'बिंग फोडणे' हे नेमकं झालं. 'कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग' म्हणजे 'महाग पडणे' नाही, 'किंमत ऐकून डोळे पांढरे होणे'. असा जोड सापडला की तो विसरत नाही, कारण मराठीतलं ते वाक्य आपण आधीच शंभर वेळा बोललेलं असतं.

जोड शोधताना जुळ्यांपासून मात्र सावध. आपल्याकडे 'पाय ओढणे' म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे, खेकड्यांच्या टोपलीतला प्रकार. इंग्रजीत 'पुलिंग युअर लेग' म्हणजे निव्वळ थट्टा. त्याचा खरा मराठी सोयरा 'फिरकी घेणे'. परदेशी सहकारी हसत 'आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग' म्हणाला आणि आपल्या माणसाने आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला, असं मी ज्या कचेरीत काम करत होते तिथे डोळ्यांदेखत घडलंय. पोटातल्या कावळ्यांचंही तसंच. आपल्या पोटात कावळे ओरडतात ते भुकेने. इंग्रजांच्या पोटात फुलपाखरं उडतात ती भीतीने, परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आधी. तो आपला 'पोटात गोळा येणे'. मुलाखतीला निघालेल्या मुलीने 'आय हॅव बटरफ्लाइज' म्हटलं तर तिला वडापाव आणून देऊ नये.

उलट्या दिशेनेही हाच सापळा आहे. 'डोकं खाऊ नकोस'चं 'डोन्ट ईट माय हेड' आपल्या देशात सर्रास चालतं, बाहेर लोक दचकतात. 'आय पास्ड आउट इन टू थाउजंड फिफ्टीन' म्हणजे आपल्या लेखी त्या वर्षी पदवी मिळाली. लंडनच्या माणसाला वाटतं, हा त्या वर्षी बेशुद्ध पडला.

खेळातल्या वाक्प्रचारांत मराठी माणसाचं अर्धं काम झालेलं असतं. 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे काय, हे पावसाळ्यात मैदानावर खेळलेल्याला सांगावं लागत नाही. पण एका ठिकाणी हमखास पाय घसरतो. 'आय वॉज नॉक्ड फॉर सिक्स बाय द न्यूज' ऐकलं की आपण अभिनंदन करायला सरसावतो, कारण आपल्याकडे षटकार मारणं म्हणजे कौतुक. इथे बोलणारा बॅट नाही, चेंडू आहे. बातमीने तो पार उडालाय, हादरलाय. अमेरिकेत क्रिकेट उपयोगी पडत नाही. तिथे 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणजे 'आज नको, पुन्हा कधीतरी'. पावसाने बेसबॉलचा सामना बुडाला की प्रेक्षकाला दुसऱ्या दिवसाचा पास मिळायचा, तो रेन चेक. समोरचा ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे 'टेबल' या शब्दाला तर विचारूनच घ्यावं. बैठकीत एखादा विषय 'टेबल' करायचा म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घ्यायचा, अमेरिकेत बाजूला ठेवायचा.

आता बुंद आणि कुट्ट

जोराचे शब्द, म्हणजे 'व्हेरी', 'सो', 'ॲब्सोल्यूटली', 'टेरिबली' ही मंडळी, सोपी समजून लोक त्यांच्याकडे बघत नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र आपलं परकेपण सर्वांत आधी इथेच जाणवतं.

आपली मराठी घ्या. लालबुंद, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, पिवळाधमक, हिरवागार. बुंद, कुट्ट, धमक, सगळ्यांचं काम एकच, रंग गडद करायचा. तरी लालकुट्ट म्हणालात तर सहा वर्षांचं पोरही हसेल. कारण विचारलं तर तुम्हाला सांगता येणार नाही, कारण नियमच नाही, जोड्या आहेत. लहानपणी आपण 'कुट्ट' वेगळा शिकलोच नाही, 'काळाकुट्ट' शिकलो.

इंग्रजीत हे असंच आहे. 'पिच डार्क' म्हणजे मिट्ट काळोख. 'बोन ड्राय' म्हणजे कोरडा ठणठणीत. 'सोकिंग वेट' ओलाचिंब, 'ब्रँड न्यू' नवंकोरं करकरीत, 'वाइड अवेक' टक्क जागा. 'डर्ट चीप' तर आपलं मातीमोलच आहे, मातीसकट. 'स्टिंकिंग रिच' म्हणजे गडगंज, फक्त त्यात जरा असूयेचा वास आहे. यातलं 'पिच' काढून 'ड्राय'ला लावता येत नाही, 'बोन' काढून 'डार्क'ला लावता येत नाही. पावसाला 'हेवी रेन', वाऱ्याला 'स्ट्राँग विंड'. 'स्ट्राँग रेन' म्हटलं तर अर्थ कळतो, पण कानाला ते 'सोसाट्याचा पाऊस' म्हटल्यासारखं लागतं.

तेव्हा वहीत 'डीपली = खोलवर' असं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही. 'डीपली रिग्रेट', 'बिटरली डिसअपॉइंटेड', 'हायली अनलाइकली', 'स्ट्राँगली रेकमेंड', 'थरोली एन्जॉइड' अशा जोड्याच लिहा. काही शब्दांना तर स्वभाव असतो. 'अटर्ली' बहुतेक करून वाइटाच्या घरी जातो, 'अटर्ली यूसलेस', 'अटर्ली रिडिक्युलस'. आपल्या अमूलने त्याला 'बटर्ली'शी यमक जुळवून लोण्याच्या पंगतीला बसवलं, ती गंमत वेगळी.

यातून 'व्हेरी' की 'ॲब्सोल्यूटली' हा नेहमीचा प्रश्नही सुटतो. 'टायर्ड', 'कोल्ड', 'बिग' हे साधे शब्द, कमी-जास्त होणारे. त्यांना 'व्हेरी' लागतं. 'एग्झॉस्टेड', 'फ्रीझिंग', 'एनॉर्मस' हे आधीच टोकाला पोचलेले. त्यांना 'व्हेरी' लावायला वरती जागा नाही, तिथे 'ॲब्सोल्यूटली' किंवा 'कम्प्लीटली'. कसोटी मराठीतच करता येते. 'फार काळा' म्हणतो, 'फार काळाकुट्ट' म्हणत नाही. 'अगदी काळाकुट्ट' मात्र म्हणतो. 'फार' तिथे 'व्हेरी', 'अगदी' तिथे 'ॲब्सोल्यूटली', असं धरून चाललात तर दहातल्या आठ वेळा बरोबर याल. 'रिअली' दोन्हीकडे चालतं, म्हणून अडलं की तो वापरावा.

'टू'चा घोळ तर आपल्या 'फार'नेच करून ठेवलाय. 'चहा फार गोड झालाय' ही तक्रार. 'मुलगी फार गोड आहे' हे कौतुक. मराठीत दोन्हीला एकच 'फार', सुरावरून कळतं. इंग्रजीत 'टू' फक्त तक्रारीचा. 'द टी इज टू स्वीट' म्हणजे प्यायला नको इतका गोड. त्यामुळे साहेबाच्या बायकोच्या हातचं जेवून 'द फूड इज टू टेस्टी' म्हटलं की त्यांना कळत नाही, हा खूश आहे की तक्रार करतोय. उपाय साधा आहे. 'फार'च्या जागी 'जरा जास्तच' घालून बघायचं. बसलं तर 'टू', नाही बसलं तर 'व्हेरी' किंवा 'सो'. ('यू आर टू काइंड' हा तेवढा शिष्टाचाराचा अपवाद. तो अख्खा उचलावा.)

भयंकर आवडलं

'आय ॲम टेरिबली सॉरी', 'दॅट्स ऑफुली नाइस ऑफ यू'. टेररचा आणि सॉरीचा काय संबंध, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मी उलट विचारते, काल तुम्हीच म्हणालात ना, पुरणपोळी भयंकर आवडली? पोळीला घाबरलात का? जोराचे शब्द वापरून वापरून झिजतात. मूळ अर्थ गळून जातो, जोर तेवढा उरतो. 'व्हेरी' हा शब्दही जुन्या फ्रेंचमधल्या 'खरा' अर्थाच्या शब्दातून आलेला आहे. आज 'व्हेरी'त खरेपणा कुणाला ऐकू येतो?

'लिटरली'वरून इंग्रजीत नेहमी भांडणं होतात. 'आय लिटरली डाइड' म्हणणारा समोर जिवंत उभा असतो. व्याकरणवाले कपाळाला हात लावतात. पण असा वापर १८व्या शतकापासून सापडतो आणि मोठ्या ऑक्सफर्ड कोशातही त्याची नोंद आहे. आपण तरी कुठे वेगळे? 'लिटरली'च्या मुळाशी 'अक्षर' आहे, आणि आपला 'अक्षरशः' नेमका तसाच घडलेला, तसाच बिघडलेला आहे. 'त्याने अक्षरशः वेड लावलं' म्हणताना कुणाला खरंच वेड लागलेलं नसतं. तेव्हा ऐकाल तेव्हा हसून सोडून द्या, पण कामाच्या अहवालात लिहू नका. आपणही अहवालात 'अक्षरशः' लिहीत नाही.

जोराचे शब्द गावही सांगतात. 'लय भारी' ऐकलं की पश्चिम महाराष्ट्र कानाशी येतो, 'जाम' म्हटलं की मुंबई. तसं 'विकेड गुड' म्हणजे अमेरिकेतलं बॉस्टन आणि आसपासचा मुलूख. 'हेला' म्हणजे उत्तर कॅलिफोर्निया. 'डेड गुड', 'डेड ईझी' मुख्यतः उत्तर इंग्लंडात. आपल्या सोसायट्यांच्या फाटकावर 'डेड स्लो' लिहिलेलं असतं, त्यातलं 'डेड' हेच. मेलेलं कुणी नाही, फक्त अगदी हळू.

आणि शिव्यांच्या जातीचे. 'ब्लडी' आज ब्रिटनमध्ये सौम्य धरतात, ऑस्ट्रेलियात त्याहून सौम्य. पण १९१४ साली लंडनच्या रंगमंचावर बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या नायिकेने 'नॉट ब्लडी लाइकली' म्हटलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. (पुलंची 'ती फुलराणी' याच नाटकावरून.) हे शब्द ओळखा, वापरू मात्र नका. परक्या भाषेतल्या शिवीचं वजन आपल्या हाताला कळत नाही, आणि जिथे 'डॅम' पुरतं तिथे आपण भलतंच काही फेकून बसतो.

जोर कमी करणारे शब्द जास्त धोक्याचे

वाढवून बोलणारा माणूस फार तर अतिशयोक्ती करतो. कमी करून बोलणारा समजला नाही तर पंचाईत. आणि ब्रिटिश माणूस कमी करून बोलण्यात पटाईत.

२४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट क्वालालंपूरहून पर्थकडे निघालेलं. जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं, 'वुई हॅव अ स्मॉल प्रॉब्लेम. ऑल फोर इंजिन्स हॅव स्टॉप्ड.' पुढे, ती पुन्हा चालू करायला 'वुई आर डूइंग अवर डॅम्डेस्ट', आणि 'आय ट्रस्ट यू आर नॉट इन टू मच डिस्ट्रेस'. ही उद्घोषणा मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि एकेका शब्दावर थांबते. 'स्मॉल' प्रॉब्लेम, म्हणजे याहून मोठा प्रॉब्लेम विमानाला असूच शकत नाही. 'डॅम्डेस्ट' हा एकच शब्द खरं बोलतो, की आम्ही जिवाच्या आकांताने झटतोय. आणि 'नॉट इन टू मच डिस्ट्रेस', म्हणजे घाबरला असाल हे ठाऊक आहे, पण आपण त्याबद्दल बोलायचं नाही. इंजिनं पुन्हा चालू झाली, विमान जकार्ताला सुखरूप उतरलं.

दरवेळी असं होत नाही. एप्रिल १९५१मध्ये कोरियात इमजिन नदीकाठी ब्रिटिश ग्लॉस्टर रेजिमेंटची तुकडी चिनी सैन्याने वेढली. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठाला कळवलं की परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे. अमेरिकन कानाला ते 'जरा अवघड आहे, पण चाललंय' असं वाटलं. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ 'आम्ही संपत आलोय' असा होता. त्या तुकडीतले बहुतेक जण मारले गेले किंवा कैद झाले. सगळा दोष 'अ बिट'वर टाकता येणार नाही, पण हा किस्सा तेव्हापासून सांगितला जातो तो याच शब्दासाठी.

आपल्या पातळीवर धोका एवढा नसतो, पण असतो. ब्रिटिश ग्राहकाने 'देअर्स अ बिट ऑफ अन इश्यू विथ द इनव्हॉइस' लिहिलं तर हातातलं काम टाकून आधी ते बघा. 'आय विल बेअर इट इन माइंड' म्हणजे बहुधा 'नाही'.

सर्वांत फसवा 'क्वाइट'. अमेरिकन माणसाचं 'क्वाइट गुड' म्हणजे चांगलंच. ब्रिटिश माणसाचं 'क्वाइट गुड' म्हणजे पुष्कळदा 'ठीक आहे'. मी नोकरीत नवी असताना एका ब्रिटिश साहेबाने माझ्या अहवालावर 'क्वाइट गुड' शेरा मारला आणि मी घरी येताना पेढे घेऊन आले होते. सुरावर लक्ष ठेवा. जोर 'क्वाइट'वर असेल तर मागे 'पण' दडलेला आहे. जोर 'गुड'वर असेल तर कौतुक. आणि पुढे टोकाचा शब्द असेल, जसं 'क्वाइट इम्पॉसिबल', तर दोन्हीकडे अर्थ 'अगदी', तिथे शंका नको.

'नॉट बॅड' याच्या उलट. ते कोरडं वाटतं, पण ब्रिटिश तोंडून बऱ्यापैकी मोठी दाद असते. माझी आजी आमटी चाखून 'बरी झालीये' म्हणायची. त्याहून वरचं प्रशस्तिपत्रक तिच्याकडून कुठल्याही सुनेला मिळालेलं नाही. ज्यांच्या घरी अशी आजी होती त्यांना ब्रिटिश इंग्रजी शिकवायला मला कमी वेळ लागतो.

वही

वाक्प्रचारांची जाडजूड पुस्तकं घेऊ नका. त्यात हजारो असतात, आणि रोज कानावर येणारे कुठले ते कळत नाही. ऐकलेलाच वाक्प्रचार वहीत यायला हवा, असा दंडक घाला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतलं पान असं होतं:

'लेट्स कॉल इट अ डे. — टीम लीडर, सव्वासहा वाजता, कंटाळून. = चला, आवरू या आता. (काम अपुरं असलं तरी चालतं.) मी बोलू शकते? हो, बरोबरीच्यांशी.'

बस, चार गोष्टी: अख्खं वाक्य, कोण कुठे बोललं, मराठी जोड, आणि मी ते वापरू शकते का. दिवसाला दोन पुरे. आठवड्याच्या शेवटी ती पानं मोठ्याने वाचायची.

मग पडताळा. केंब्रिज, लाँगमन आणि ऑक्सफर्ड, तिघांचेही शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. मूळ भाषिकांसाठीच्या मोठ्या कोशापेक्षा हेच घ्या, कारण अर्थाच्या आधी लिहिलेली बारीक पाटी इथे नीट असते: अनौपचारिक, जुनाट, विनोदी, ब्रिटिश, अमेरिकन. अर्थ नंतर वाचा, पाटी आधी. 'जुनाट' लिहिलं असेल तर फक्त ओळखीपुरता ठेवा. त्यानंतर यूग्लिशवर तो तुकडा टाका. तिथे यूट्यूबवरच्या व्हिडिओंमध्ये खरी माणसं तो कुठे बोलली आहेत ते एकामागोमाग ऐकायला मिळतं, आणि देशही निवडता येतो. पाच तुकडे ऐका. पाचही वेळा बोलणारा हसत असेल तर तो शब्द गंभीर ठिकाणी न्यायचा नाही, हे कोश न उघडताही कळतं.

वहीत एक पान गंमतीला ठेवा. माझ्या पानावर पहिला शब्द 'डूलाली' आहे. ब्रिटिश लोक 'ही हॅज गॉन डूलाली' म्हणतात, म्हणजे याचं डोकं फिरलंय. हे 'डूलाली' म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहायचे, आणि त्या रिकामपणाने भ्रमिष्टासारखे वागायला लागायचे. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत, आणि तो 'टॅप' म्हणजे आपला ताप. नाशिकच्या मुलांना हे सांगितलं की पुढचा अर्धा तास वर्ग माझ्या हातात राहत नाही.

बोलताना आणि न कळल्यावर

ओळखायला शेकडो लागतात, बोलायला वीस-पंचवीस पुरतात. स्वतः वापरताना वाक्प्रचाराला हात लावू नका. 'डॉग्ज अँड कॅट्स' होत नाही, बकेटचं अनेकवचन होत नाही, जसं आपण अंगणाच्या जागी ओसरी वाकडी करत नाही. एका वाक्यात दोन वाक्प्रचार कोंबू नका. शंका असेल तर साधं बोला. 'आय ॲम व्हेरी टायर्ड' म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही.

आणि न कळल्यावर मान डोलावू नका. फोनवर तर मुळीच नाही. 'सॉरी, दॅट्स अ न्यू वन ऑन मी' म्हणा, म्हणजे 'हे नवीनच ऐकतोय'. यात अज्ञान कमी आणि कुतूहल जास्त दिसतं, आणि लोक आनंदाने समजावून सांगतात. काम महत्त्वाचं असेल तर आपण समजलेला अर्थ साध्या शब्दांत परत करून बघा: 'सो यू मीन, नॉट धिस वीक?' दवाखान्यात तर हे सक्तीचंच आहे. 'फनी' ऐकलं की विचारायचं, 'फनी हाउ? डिझी? सिक?'

ती मुलगी आता उत्तर इंग्लंडातल्या एका वॉर्डात आहे. महिन्यापूर्वी तिचा संदेश आला. एक आजोबा तिला म्हणाले होते, 'यू आर डेड काइंड, यू.' तिने लिहिलं होतं, "मॅडम, मी घाबरले नाही. शेवटचं 'यू' मात्र कशाला, ते सांगा."

मी उत्तर लिहिलं: 'फार चांगली आहेस गं तू.' त्यातला शेवटचा 'तू' कशाला असतो, ते तूच मला सांग.